रीलमध्ये दिसणारा स्कॉटलंडचा तो रस्ता सायकलसाठी खरंच चांगला आहे का?

तुमच्या फीडवर ही रील कधी ना कधी येऊन गेली असेल. ड्रोन हळूहळू वर चढतोय, खाली डोंगराला चिकटून गेलेला नागमोडी रस्ता, रस्त्यावर एकच सायकलवाला, मागे बॅगपाइप आणि लांब समुद्र. खाली कॉमेंटमध्ये मित्रांना टॅग करायची स्पर्धा लागलेली, "भावा, बोल, कधी जायचं?"

तो रस्ता बहुतेक वेळा एकच असतो. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरची 'बेलाख ना बा' ही खिंड. आणि ही खिंड ज्या मोठ्या मार्गावर येते तो म्हणजे एनसी ५००, पूर्ण नाव नॉर्थ कोस्ट ५००. स्कॉटलंड आणि सायकल हे दोन शब्द सर्च केले की आधी हेच नाव समोर येतं. त्यामुळे जायचं ठरवणाऱ्यांच्या डोक्यातही तेच बसलेलं असतं.

पण सायकल घेऊन एवढ्या लांब जाणाऱ्याने तिथंच जावं का? आमचं उत्तर असं की, त्यातला एक तुकडा जरूर करावा, अख्खी फेरी सायकलवर करायच्या आधी मात्र दोनदा विचार करावा. सायकलसाठी त्याहून चांगले रस्ते स्कॉटलंडमध्ये आहेत आणि त्यांच्यावर गाड्या कमी आहेत. हे असं का झालं ते कळायला हे रस्ते मुळात कुणासाठी बांधले ते आधी बघू.

गुरांसाठी, सैन्यासाठी आणि पोटासाठी

बेलाख ना बा हे गेलिक भाषेतलं नाव. अर्थ सरळ आहे, गुरांची खिंड. स्कॉटलंडचा उत्तर आणि पश्चिमेकडचा डोंगराळ भाग म्हणजे हायलँड्स. इथले लोक गुरं पाळायचे आणि ती पायी हाकत दक्षिणेच्या बाजारात न्यायचे. क्रीफ आणि फॉलकर्क इथले गुरांचे बाजार त्यासाठी प्रसिद्ध होते. गुरं ज्या वाटेने गेली तिथूनच पुढे बऱ्याच ठिकाणी रस्ता गेला.

दुसरं कारण सैन्य. १७१५ च्या बंडानंतर ब्रिटिश सरकारला हायलँड्समध्ये फौज लवकर पोचवायची होती. म्हणून जनरल वेड याने १७२० च्या दशकापासून सुमारे ४०० किमी लष्करी रस्ते बांधून घेतले. पुढे १८०३ मध्ये सरकारने हायलँड्समधल्या रस्त्यांसाठी आणि पुलांसाठी आयोग नेमला. त्याचा इंजिनिअर होता थॉमस टेलफर्ड. त्याच्या देखरेखीखाली १४०० किमीहून जास्त रस्ते आणि हजाराच्या वर पूल झाले.

तिसरं कारण ऐकून जरा अस्वस्थ व्हायला होतं. १८४६ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि हायलँड्समध्ये उपासमार सुरू झाली. तेव्हा धडधाकट माणसांना फुकट धान्य द्यायचं नाही, काम करून घेऊन मगच द्यायचं असं ठरलं. आपल्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, तोच प्रकार. मजुरी म्हणून मिळायचं ओटचं पीठ. एनसी ५०० वरच्या ब्रेमोर ते डंडोनेल या रस्त्याला आजही 'डेस्टिट्यूशन रोड' म्हणतात, म्हणजे कंगालीचा रस्ता. तिथं थांबून सेल्फी घेणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, देव जाणे.

जाता जाता आणखी एक. गावात 'डब्ल्यूबीएम रस्ता' असा बोर्ड बघितला असेल ना? त्यातला एम म्हणजे मॅकॅडम. जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटलंडच्या एअर गावचा माणूस, खडीचे थर दाबून रस्ता करायची पद्धत त्याची. हवा भरलेल्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ मध्ये घेणारा रॉबर्ट थॉमसन आणि १८८८ मध्ये तोच टायर नव्याने शोधून सायकलला बसवणारा जॉन डनलॉप, हे दोघेही स्कॉटिश. पेडलवाली पहिली सायकल १८३९ च्या सुमारास कर्कपॅट्रिक मॅकमिलन या स्कॉटिश लोहाराने केली असंही तिकडे छातीठोकपणे सांगतात. पण त्याचा भक्कम पुरावा नाही आणि इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही.

तर सांगायचा मुद्दा, हे रस्ते बैल, शिपाई आणि घोडागाडीच्या मापाचे आहेत. नंतर त्यांच्यावर डांबर पडलं, रुंदी मात्र बऱ्याच ठिकाणी वाढलीच नाही. वायव्येला आणि बेटांवर आजही मैलोन् मैल 'सिंगल ट्रॅक' रस्ता आहे. म्हणजे एका वेळी एकच गाडी मावेल एवढी रुंदी आणि वाहतूक मात्र दोन्ही बाजूंनी.

एनसी ५०० चं काय झालं?

एनसी ५०० सुरू झाला २०१५ मध्ये. इन्व्हरनेसच्या किल्ल्यापासून निघायचं, पश्चिम किनारा, उत्तर किनारा, मग पूर्व किनारा करत परत इन्व्हरनेसला यायचं. लांबी ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किमी. एकूण चढाई १० हजार मीटरच्या घरात. यासाठी नवा रस्ता एक फूटही बांधला नाही. होते त्या रस्त्यांना एकत्र करून एक नाव दिलं आणि जाहिरात केली. उत्तरेच्या गावांमध्ये पर्यटक यावेत, चार पैसे यावेत हा हेतू होता. पर्यटक आले, आणि रस्त्यांना झेपेल त्याहून जास्त आले.

सायकलपेक्षा मोटारी जास्त आल्या आणि त्यातही मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घरच. बैलाच्या मापाच्या रस्त्यावर ट्रकएवढं वाहन आणि चालवणारा बऱ्याचदा ते आयुष्यात पहिल्यांदा चालवतोय. सोबत वेळ लावून पळवणाऱ्या स्पोर्ट्स कार आहेतच. रस्त्याकडेला कचरा, गाड्या थांबवायच्या जागी रात्रभर लावलेली वाहनं आणि मागे अडकलेली गावातली माणसं, अशा तक्रारी वाढत गेल्या. फोडर्स ही अमेरिकेतली जुनी प्रवास मार्गदर्शक प्रकाशन संस्था आहे. कुठे जाण्याआधी विचार करा, अशी यादी ती दरवर्षी काढते. २०२५ च्या त्या यादीत एनसी ५०० चं नाव आलं.

हे सगळं वाचून सायकलवरून कुणी ही फेरी करतच नाही असं समजू नका. करतात, साधारण आठ-दहा दिवसांत करतात. मार्क ब्यूमाँट या स्कॉटिश सायकलपटूने तर २०२२ मध्ये ती २९ तासांच्या आत संपवली. पण इन्व्हरनेसच्या आसपासचा आणि पूर्व किनाऱ्यावरचा ए-९ हा मोठा वाहता रस्ता आहे. तिथं सायकल चालवणं म्हणजे ट्रकच्या वाऱ्यात हँडल घट्ट धरून बसणं. तेवढ्यासाठी सुट्टीतले दोन दिवस का घालवायचे?

त्यापेक्षा बेलाख ना बाची छोटी फेरी करा. इन्व्हरनेसहून काईल ऑफ लॉखाल्शच्या रेल्वेने स्ट्रॅथकॅरन स्टेशनला उतरायचं आणि टॉर्नाप्रेसपर्यंत जायचं. खिंडीचा चढ तिथं सुरू होतो. पायथ्याला बोर्ड आहे, शिकाऊ ड्रायव्हर, फार मोठी वाहनं आणि कॅरव्हान यांनी पुढे जाऊ नये. सायकलवाल्यांबद्दल काही लिहिलेलं नाही, ते ज्याने त्याने समजून घ्यायचं. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर वर, अंतर सुमारे ९ किमी. आकडा वाचून फार वाटत नाही. पण सुरुवातीला चढ लबाडपणे हळूहळू वाढतो आणि शेवटच्या वळणांआधी काही ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की २० मीटर वर. समोर दरीचा भिंतीसारखा शेवट दिसत असतो आणि रस्ता तिथून वर कसा जाणार हे बराच वेळ कळत नाही.

माथ्यावरून उतरलं की ॲपलक्रॉस हे समुद्राकाठचं छोटं गाव. १९७० च्या दशकात किनाऱ्याचा रस्ता पूर्ण होईपर्यंत या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता म्हणजे ही खिंडच. बर्फ पडलं की तोही बंद. आता आपण तोच किनाऱ्याचा रस्ता धरून शील्डेगला जायचं आणि तिथून परत टॉर्नाप्रेस. ही सगळी फेरी होते साधारण ७० किमी. खिंड संपली म्हणजे कष्ट संपले असं समजणारे इथं फसतात. किनाऱ्याचा रस्ता सतत खालीवर होतो, एकही चढ मोठा नाही आणि एकही किलोमीटर सपाट नाही.

एका माणसाचा रस्ता

त्या किनाऱ्यावरून पश्चिमेला समुद्रात एक लांबुडकं बेट दिसतं. नाव रासे. त्याच्या मागे स्कायचे डोंगर. स्कायला जाणाऱ्या हजारो गाड्या रासेकडे बघतसुद्धा नाहीत. सायकलवाल्याने मात्र स्कायवरच्या स्कॉन्सरहून २५ मिनिटांची फेरीबोट पकडून तिथं जावंच, कारण तिथं कॅलमचा रस्ता आहे.

रासेच्या उत्तर टोकाला आर्निश नावाची वस्ती होती. रस्ता ब्रोखेलच्या पडक्या किल्ल्यापाशी संपायचा, पुढे फक्त पायवाट. लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, प्रशासनाने ऐकलं नाही. एकेक घर बंद पडत गेलं. तिथं कॅलम मॅक्लाउड नावाचा माणूस राहायचा. टपाल पोचवायचा, दीपगृहावर काम करायचा, थोडी शेती आणि गुरं. शेवटी त्याने रस्ता बांधण्याच्या शास्त्रावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि १९६४ च्या सुमारास स्वतःच कामाला लागला. हत्यारं म्हणजे कुदळ, फावडं, पहार आणि एकचाकी ढकलगाडी. सुरुंगाच्या कामाला सुरुवातीला सरकारी खात्याची मदत झाली, बाकी सगळं हाताने. दहा वर्षं लागली. रस्ता झाला पावणेदोन मैलांचा, म्हणजे तीन किमीला थोडा कमी.

आपल्याकडे हे वाचून कुणालाही बिहारचे दशरथ मांझी आठवतील. कॅलमच्या गोष्टीचा शेवट जास्त बोचतो. रस्ता पूर्ण झाला तोपर्यंत आर्निशमध्ये कॅलम आणि त्याची बायको एवढेच उरले होते. ज्यांच्यासाठी बांधला ते निघून गेले होते. प्रशासनाने तो रस्ता ताब्यात घेऊन डांबर टाकलं ते १९८२ मध्ये. कॅलम १९८८ मध्ये गेला. आता ब्रोखेलपाशी त्याच्या नावाचा दगड आहे आणि तिथून पुढे त्याचा रस्ता दरीत उतरतो, वळतो, पुन्हा तिरका चढतो. फेरीबोटीच्या धक्क्यापासून आर्निशपर्यंत जाऊन परत यायला ४० किमीच्या आत-बाहेर. वाहनं अगदी थोडी. चढ मात्र खरे आहेत, पायांना लगेच कळतात.

पाच बोटी, एक दिवस

ग्लासगोजवळ राहणारे कुणी ओळखीचे असतील, शनिवार-रविवारची सोय होत असेल तर आमची शिफारस पाच फेरीबोटींच्या मार्गाला. 'फाइव्ह फेरीज' असंच त्याला म्हणतात. आर्ड्रॉसनहून बोटीने ॲरन बेटावर ब्रॉडिक. तिथून सायकलने बेटाच्या उत्तर टोकाला लॉखरँझा. दुसरी बोट, क्लोनेग. किंटायरचा चिंचोळा जमिनीचा पट्टा ओलांडून टार्बर्ट. तिसरी बोट, पोर्टावाडी. नाव ऐकून कोकणातली वाडी वाटते, पण आहे तिकडचीच. तिथून डोंगर चढून, वरून बूटच्या सामुद्रधुनीचं दृश्य बघत कोलिनट्राईव्ह. चौथी बोट पाच मिनिटांची, पलीकडे बूट बेट. मग रॉथसी आणि पाचवी बोट वीम्स बे. किनाऱ्याने परत आर्ड्रॉसनपर्यंत धरलं तर सायकलिंग साधारण ११५ ते १२० किमी.

कोलिनट्राईव्ह या नावातही गुरं आहेतच. गेलिकमध्ये अर्थ होतो पोहून जायची सामुद्रधुनी. बूट बेटावरची गुरं इथून पोहवत पलीकडे काढायचे.

या मार्गात पायांपेक्षा वेळापत्रक दमवतं. एक बोट दोन मिनिटांनी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात आणि तुम्ही संध्याकाळी एखाद्या धक्क्यावर सीगल मोजत बसता. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक वेगळं असतं, हिवाळ्यात लॉखरँझाची बोट क्लोनेगला जातच नाही. ॲरनची मोठी बोट कधी आर्ड्रॉसनऐवजी ट्रूनहून सुटते. त्यामुळे आदल्या रात्री कॅलमॅक या बोट कंपनीचं वेळापत्रक बघणं हे टायरमध्ये हवा बघण्याइतकंच गरजेचं. तिच्या बोटींवर सायकलचे वेगळे पैसे नाहीत, फक्त माणसाचं तिकीट.

एवढी धावपळ नको असेल तर नुसती ॲरनची प्रदक्षिणा करा, सुमारे ९० किमी. उत्तरेला डोंगर आणि एक मोठा चढ, दक्षिणेला दिसायला सौम्य पण सतत खालीवर होणारा रस्ता. आणि मुलंबाळं सोबत असतील तर लार्ग्जहून दहा मिनिटांवर कंब्रे नावाचं बेट आहे. समुद्राकाठाने १६ किमीची सपाट फेरी, मिलपोर्टमध्ये भाड्याने सायकल आणि आइस्क्रीम. रीलमध्ये भारी दिसणार नाही, दिवस मात्र मजेत जातो.

वारा पाठीवर घ्यायचा रस्ता

हेब्रिडियन वे हा २०१६ मध्ये सुरू झालेला सायकल मार्ग मुख्य भूमीच्या पश्चिमेला असलेल्या आउटर हेब्रिडीज बेटांवरून जातो. व्हॅटरसे बेटापासून बट ऑफ लुईसच्या दीपगृहापर्यंत, २९७ किमी, १० बेटं, दोन बोटी आणि सहा कॉजवे, म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेले रस्ते. एका बाजूला पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला खडक आणि तळी, मध्ये आपण. पाच-सहा दिवस घेतले तर आरामात होतो.

दक्षिणेकडून उत्तरेकडेच जायचं, कारण तिकडे वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो. झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे वारा अडवायला काहीच नाही. पाठीवर असला तर तुम्ही स्वतःला फार भारी सायकलपटू समजाल. तोंडावर आला तर उतारावरसुद्धा पेडल मारावं लागतं. बॅरा बेटावर विमानं वाळूच्या किनाऱ्यावर उतरतात, भरती-ओहोटीप्रमाणे वेळापत्रक ठरतं, तेही वाटेत बघता येईल. पुढे बर्नरेहून बोट लागते ती हॅरिसमधल्या लेव्हरबर्गला. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो लॉर्ड लेव्हरह्यूम म्हणजे सनलाइट साबणवाला. त्याची लिव्हर ब्रदर्स पुढे युनिलिव्हर झाली आणि भारतात हिंदुस्तान युनिलिव्हर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास त्याने ही बेटंच विकत घेतली होती, इथं मोठं मासेमारी बंदर करायचं होतं. ते जमलं नाही, नाव राहिलं.

किनारा सोडून उंच डोंगरच हवे असतील तर पूर्वेचा केर्नगॉर्म्स भाग. ब्लेअरगाउरी ते ग्रँटाउन-ऑन-स्पे हा सुमारे १४५ किमीचा 'स्नो रोड्स' मार्ग. यात केर्नवेल खिंड येते, ६७० मीटर, ब्रिटनमधल्या मुख्य रस्त्यांपैकी सगळ्यात उंच. पण पाय कापतात ते पुढच्या लेख्टच्या चढावर, उंची ६३७ मीटर आणि मध्ये २० टक्क्यांचे तुकडे. हिवाळ्यात बर्फाने बंद होणाऱ्या रस्त्यांच्या बातमीत हे नाव हमखास असतं. तिथल्या झऱ्यापाशी १७५४ सालचा कोरीव दगड आहे, रस्ता बांधणाऱ्या सैनिकांच्या तुकडीचा.

आणि ज्यांना हे सगळंच जास्त वाटतंय त्यांच्यासाठी दक्षिण स्कॉटलंड. इंग्लंडच्या सीमेलगतचा हा भाग पर्यटकांच्या नकाशात येत नाही, म्हणूनच सायकलसाठी उत्तम. टेकड्या गोल, रस्ते शांत, गावं जवळजवळ. मेलरोज, ड्रायबर्ग, केल्सो आणि जेडबर्ग इथले चार पडके मठ जोडणारी सुमारे ९० किमीची फेरी आहे. २०२३ मध्ये सुरू झालेला स्ट्रॅनरार ते आयमाउथ हा सुमारे ४०० किमीचा मार्ग पश्चिम समुद्रापासून पूर्व समुद्रापर्यंत नेतो. त्याला नाव दिलंय मॅकमिलन लोहाराचंच, कर्कपॅट्रिक सी-टू-सी. पुरावा असो नसो, मान मिळाला.

रस्त्यावर उतरण्याआधी

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे निम्मी धास्ती जाते. बोर्डवर अंतर मात्र मैलांत असतं. '२० उरले' वाचून २० किमी समजाल तर शेवटचे १२ किमी रडत काढाल.

सिंगल ट्रॅक रस्त्यावर ठरावीक अंतराने 'पासिंग प्लेस' असतात, रस्ता थोडा फुगवून केलेली बाजूला व्हायची जागा. नियम साधा आहे. जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबा. उजव्या हाताला असेल तर उजवीकडे जायचं नाही, आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं, समोरचा तिच्यात शिरून जाईल. चढ चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि मागे गाडी लागली असेल तर पुढच्या जागेत बाजूला व्हायचं. हे शेवटचं सायकलवाले विसरतात. आपण सुट्टीवर असतो, मागचा माणूस कदाचित दवाखान्यात किंवा कामावर निघालेला असतो. बाजूला झालात की हात वर करून आभार मानतात, तुम्हीही करा. ही जागा पार्किंगसाठी नाही, फोटोसाठी सायकल टेकवायलाही नाही.

मेंढ्या रस्त्यातच बसतात आणि शेवटच्या क्षणी नेमक्या चुकीच्या बाजूला पळतात. जनावरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडवे लोखंडी पाइप बसवलेले असतात. ते सरळ रेषेत, ब्रेक न लावता पार करायचे. ओल्या पाइपवर हँडल वळवलं तर पडणं नक्की.

पावसाचं काय? पश्चिम हायलँड्सच्या काही भागांत वर्षाला ३००० मिमीहून जास्त, पूर्वेला काही ठिकाणी ७०० मिमीपेक्षा कमी. आपल्यासारखा चार महिन्यांचा ठोक व्यवहार तिथं नाही, बाराही महिने हप्त्याहप्त्याने येतो. जलरोधक कापडाचं पेटंट १८२३ मध्ये ग्लासगोच्याच चार्ल्स मॅकिंटॉशने घेतलं, यात नवल नाही. एप्रिल-मे हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. जूनमध्ये इन्व्हरनेसला जवळपास १८ तास उजेड असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम साडेसहा.

मे ते सप्टेंबर मिज नावाची चिलटं असतात आणि ही चिलटं चावतात, तीही झुंडीने. ती फार जोरात उडू शकत नाहीत, ताशी ११ किमीच्या वर वारा असला की गायब होतात. म्हणजे चालत्या सायकलवर काही त्रास नाही. पंक्चर काढायला थांबलात की मग बघा. त्यामुळे पंक्चर झालीच तर शक्यतो उघड्यावर, वारं लागेल अशा जागी थांबा.

तंबू घेऊन जाणार असाल तर २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर नुकसान न करता फिरायला आणि मुक्काम करायला परवानगी आहे. हा हक्क चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला आहे, गाडीत झोपणाऱ्याला नाही. लॉख लोमंडच्या काठावर काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. तिथल्या ए-८२ रस्त्यावर सायकल घालू नका, पश्चिम काठाने वेगळा सायकल मार्ग आहे.

वायव्येला आणि बेटांवर मोबाइलची रेंज जाते-येते, सायकलचं दुकान दोन-दोन दिवस लागत नाही. दोन ट्यूब, चेन जोडायची कडी आणि थोडे रुंद टायर सोबत हवेत. आणि हेब्रिडियन वे करताना लुईस-हॅरिसमध्ये रविवार येतोय का ते कॅलेंडरवर बघा. तिथं रविवार अजून बऱ्यापैकी कडक पाळतात. बहुतेक दुकानं आणि खाण्याच्या जागा बंद, रस्ते सामसूम, सायकल चालवायला यासारखा दिवस नाही. फक्त बिस्किटं, केळी आणि पाणी शनिवारी संध्याकाळीच भरून ठेवा.